फास्टर-व्हिस्परवर मराठी मुलाखती: बीम सर्च वापरल्यानंतरचा अनुभव

जुन्या विहिरी आणि पाण्याच्या आठवणी यांवर आम्ही गावोगावच्या वयस्कर माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करतो. त्या मजकुरात उतरवण्यासाठी गेले काही महिने लॅपटॉपवर फास्टर-व्हिस्पर वापरतोय; हे बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या व्हिस्पर मॉडेलची वेगवान आवृत्ती आहे. मॉडेल कोणतं घ्यावं यावर भरपूर चर्चा होते. डिकोडिंगच्या, म्हणजे मॉडेलच्या गुणांवरून शब्द निवडण्याच्या, सेटिंगकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि माझ्या मते मराठीत खरा फरक तिथंच पडतो.

मॉडेल दर पायरीला पन्नास हजारांहून जास्त टोकनांना (शब्द किंवा शब्दांचे तुकडे) गुण देतं. त्यातून बनू शकणारी सगळी वाक्यं तपासणं अशक्य. ग्रीडी पद्धत त्या क्षणाला अव्वल असलेलं टोकन उचलते आणि पुढे जाते. बीम सर्च आघाडीचे काही पर्याय शेवटपर्यंत शर्यतीत ठेवतं. युक्ती जुनी आहे: कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हार्पी या बोलणं ओळखणाऱ्या प्रणालीनं 1976 साली 1,011 शब्दांच्या संग्रहावर ती वापरली होती.

मराठीला तिची गरज जास्त आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) 3 बाइट घेतं आणि व्हिस्परचा टोकनायझर, म्हणजे मजकुराची टोकनं पाडणारा भाग, शब्दाचे बारीक तुकडे करतो. एका शब्दामागे कितीतरी निर्णय. पहिला तुकडा चुकला की पुढचे त्याच्याशी जुळवून घेतात. एक आजी म्हणाल्या, ‘आम्ही पोहऱ्यानं पाणी शेंदायचो.’ बीम 1 वर, म्हणजे एकच पर्याय धरणाऱ्या ग्रीडी पद्धतीनं, उतरलं, ‘आम्ही पोऱ्यानं पाणी सांडायचो.’ बीम 5 वर, म्हणजे पाच पर्याय शर्यतीत ठेवून, आजींचं वाक्य जसंच्या तसं आलं. बीम 10 वर वेळ बराच वाढला, मजकूर जवळपास तोच राहिला. मी 5 वरच थांबलो.

पण बीम 5 लावलं म्हणजे प्रत्येक वेळी बीम सर्चच चालतं असं नाही, आणि हे कळायला मला कोड उघडून वाचावा लागला. तयार झालेला मजकूर झिप फाइलसारखा दाबून किती पट लहान होतो हे मोजलं जातं. ते गुणोत्तर 2.4 च्या वर गेलं की मॉडेल एकच वाक्य घोकतंय असं धरून तोच भाग टेम्परेचर, म्हणजे निवडीतला यादृच्छिकपणा, वाढवून पुन्हा उतरवला जातो. टेम्परेचर शून्याच्या वर गेलं की बीम सर्च बंद! तिथून पुढे नमुने काढून त्यातला बरा निवडतात. आता देवनागरीत प्रत्येक चिन्हाचे सुरुवातीचे बाइट सारखेच, त्यामुळे चांगला मजकूरही जास्त दाबला जातो. जात्यावरच्या ओव्यांत तर ओळी परत परत येणारच. नेमक्या त्याच ठिकाणी अंदाजपंचे शब्द दिसायचे, आणि तोच भाग पुन्हा चालवला तर वेगळेच यायचे. मी 2.4 ची ती मर्यादा 3 च्या पुढे नेली आणि नवा भाग उतरवताना मागच्या भागाच्या मजकुराचा आधार घेण्याची सोय बंद केली. ओव्या सुधारल्या, वेळही वाचला. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकानं सर्वांत आधी हे करून बघावं, असं मी आग्रहानं सांगेन.

त्यानंतरची उपयोगी गोष्ट हॉटवर्ड्स, म्हणजे मॉडेलला आधीच सुचवून ठेवायचे शब्द. सुरुवातीचा प्रॉम्प्ट (मॉडेलला आधी दिलेला मजकूर), मागचा आधार बंद असेल तर, पहिल्या 30 सेकंदांपुरताच टिकतो. हॉटवर्ड्स प्रत्येक भागाला मिळतात. मी ‘पोहरा, मोट, नाडा, आड, बारव’ आणि त्या गावाची नावं देतो. यादी आटोपशीर हवी, कारण जागा सव्वादोनशे टोकनांच्या आतली आणि देवनागरी ती भराभर खाते.

बोलणं नसलेल्या जागा गाळणारा व्हीएडी हा फिल्टर चालू ठेवा. वारा किंवा पंप एवढाच आवाज असला की मॉडेल मनाची वाक्यं रचतं.

लॅपटॉपला ग्राफिक कार्ड नाही, म्हणून मॉडेल इंट8 वर, म्हणजे आकडे 8 बिटांत आणून हलकं करून, चालवतो. बीम 5 चं काम रात्री लावून सकाळी तपासतो. एखाद्या मुलाखतीत बारवेचा विषय कुठे निघाला एवढंच शोधायचं असेल तर बीम 1 पुरतो.