इसबगोलाची एक किलोची पिशवी: माल चोख, पिशवी कच्ची

मे महिन्याच्या मध्यावर रविवार पेठेतल्या एका घाऊक काष्ठौषधीच्या दुकानातून इसबगोलाच्या भुशाची 1 किलोची पिशवी आणली. 780 रुपये. आता ऑगस्ट संपत आलाय आणि पिशवी अर्ध्याच्या खाली गेलीय, त्यामुळे जे लिहिते आहे ते वापरून लिहिते आहे. घरी सासूबाई आहेत, वय 84. रोज रात्री त्यांना दोन चहाचे चमचे इसबगोल लागतं. मी स्वतः 29 वर्षं नर्सिंग केलं, त्यातली अकरा वर्षं वयस्कर पेशंटच्या वॉर्डात, त्यामुळे ही पूड माझ्या हातून पुष्कळ गेलेली आहे.

आधी मालाबद्दल. दुकानदाराने पिशवी फोडायच्या आधीच नमुन्याचा भुसा काळ्या कागदावर पसरून दाखवला. ही रीत मला फार आवडली. पांढऱ्या कागदावर सगळंच स्वच्छ दिसतं, काळ्यावर लाल-तपकिरी कण लगेच डोळ्यांत भरतात. इसबगोलाचा भुसा म्हणजे बियांवरचं पातळ टरफल. बी दळून-पाखडून ते वेगळं करतात, आणि ते किती शुद्ध निघालं यावर 85, 95, 98, 99 टक्के असे दर्जे ठरतात. माझ्या पिशवीवर 98 लिहिलेलं होतं. कागदावर मोजून सात-आठ लाल कण दिसले, तेही मोहरीच्या दाण्याहून बारीक. माल उंझ्याचा आहे असं तो म्हणाला. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा ही इसबगोलाची मोठी बाजारपेठ, त्यामुळे त्यात नवल काही नाही.

घरी आल्यावर परीक्षा घेतली. औषधकोशाप्रमाणे 1 ग्रॅम भुसा पाण्यात फुगून निदान 40 मिलीलिटर जागा व्यापायला हवा. माझ्याकडे सोनाराच्या तराजूसारखा छोटा डिजिटल काटा आहे. एक ग्रॅम मोजला, खुणा केलेल्या उभ्या ग्लासात 100 मिलीलिटर पाण्यात टाकला, ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी बुळबुळीत थर निम्म्याच्याही वर आलेला. भेसळीचा किंवा जुना, दमट झालेला माल असा फुगत नाही. सासूबाईंचं पोटही तीन महिन्यांत एकदाही अडलं नाही. मालाला पाचपैकी पाच.

आता पिशवी. पातळ प्लॅस्टिक, वर स्टेपलच्या दोन पिना, आत सिलिका जेलची पुडी नाही. कात्रीने तोंड कापलं आणि धुरासारखा भपका वर आला. भुसा हलका, त्यात त्याची बारीक भुकटी मिसळलेली, आणि प्लॅस्टिकला ती अशी चिकटते की पिशवी झटकल्याशिवाय सुटत नाही. झटकली की सगळी नाकात.

वॉर्डातल्या मावशींची गोष्ट इथे सांगायलाच हवी. रात्री नऊच्या सुमारास वीस-बावीस पेशंटचे ग्लास ट्रेमध्ये मांडून त्या मोठ्या डब्यातून इसबगोल घालायच्या, वरून, भराभर. आधी शिंका, मग डोळ्यांना पाणी, आणि वर्षभराने रात्रीची धाप. सुट्टीवर गावी गेल्या की बऱ्या, कामावर आल्या की पुन्हा तेच. घराची ओल, धूळ, मांजर, सगळ्यावर संशय घेऊन झाला. डब्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही. छातीच्या डॉक्टरांनी एकदा कामाची वेळ तासातासाने विचारली तेव्हा कळलं. पुढे वाचलं तर जुलाबाच्या, म्हणजे पोट साफ करणाऱ्या, औषधांच्या कारखान्यातले कामगार आणि ही पूड कालवणाऱ्या नर्सेस यांना दमा झाल्याच्या नोंदी कितीतरी वर्षांपासून आहेत. ॲलर्जी करणारी प्रथिनं मुख्यतः बीच्या आतल्या गरात असतात, टरफलात नाही. म्हणजे भुशात बीचे तुकडे जितके जास्त तितका धोका जास्त. ते काळ्या कागदावरचे लाल कण मी मोजत बसते ते यासाठीच. मावशींची ड्यूटी बदलल्यावर धाप थांबली, पण पुढे कुणी शेजारी बसून इसबगोल घेतलं तरी त्यांचं नाक गळायला लागायचं. एकदा शरीराने धरलं की ते सोडत नाही.

म्हणून माझ्या घरी पंखा बंद केल्याशिवाय बरणी उघडत नाही. चमचा आत खोलवर घालायचा, बरणी तिरपी करून ओतायचं नाही, आणि चमचा पाण्याच्या अगदी जवळ नेऊन हळूच उलटा करायचा. आधी पाणी, मग भुसा. उलट केलं तर तळाशी गोळे होतात. मोठी पिशवी बरण्यांत भरताना मी मास्क लावला, मोलकरीण ताईंनाही दिला. त्या हसल्या, पण लावला.

एक प्रसंग आमच्याकडेही घडला. जुलैमधली पावसाळी सकाळ. बरणी भरताना पिशवीचा कोपरा उसवला आणि ओंजळभर भुसा ओट्याखाली सांडला. मी फोनवर होते. ताईंनी सवयीने ओलं पोछा फिरवलं. दोन मिनिटांत फरशीवर भेंडीच्या तारेसारखा थर झाला, आणि सासूबाई वॉकर घेऊन चहा बघायला स्वयंपाकघरात येत होत्या. वॉकरची पुढची रबरं सर्रकन सरकली. मी फोन टाकून त्यांना खांद्याला धरलं. पडल्या नाहीत. पण पोछा मोरीत पिळलं तेव्हा जाळीवर जो गोळा बसला तो पाणीच जाऊ देईना, हाताने उपसून काढावा लागला. हे मोरीत किंवा बेसिनमध्ये कधीच सोडू नका. सांडलं तर दोन पुठ्ठ्यांनी हळूहळू गोळा करायचं, कोरडा झाडू मारून उडवायचं नाही, आणि राहिलेला अंश शेवटी ओल्या फडक्याने टिपून लगेच कोरडं पुसायचं. तोवर घरातल्या माणसांना तिकडे येऊ द्यायचं नाही.

साठवणीसाठी फिरकीच्या झाकणाच्या कोरड्या बरण्या. एका किलोला अडीच लिटरचा डबाही पुरत नाही, एवढा फुगार असतो, त्यामुळे पुरेशा बरण्या आधीच काढून ठेवा. गॅसपासून आणि सिंकपासून लांब, फडताळात. फ्रीजमध्ये नको. थंड बरणी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं, आणि इसबगोलाचं सगळं कामच पाणी ओढणं आहे. बरणीतला चमचा बाहेर वापरायचा नाही. पिशवीवरचा कागद कापून, म्हणजे बॅच, पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर असलेला तुकडा, मी बरणीवर चिकटवला. बारीक दळलेलं इसबगोल तांदळाच्या पिठीसारखं दिसतं. नाव नसलेली बरणी घरात ठेवूच नये.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र पिशवीवरच्या मजकुराबद्दल आहे. छापलंय इतकंच: ‘एक ते दोन चमचे दूध किंवा पाण्याबरोबर.’ किती पाणी? आपल्याकडे चूर्णाची फक्की मारायची सवय असते, तोंडात टाकलं, वर दोन घोट पाणी. इसबगोलाची फक्की मारायची नसते. ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसू शकतं. अमेरिकेत अशा जुलाबाच्या औषधांवर गुदमरण्याचा इशारा आणि भरपूर पाण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे, आणि दाणेदार स्वरूपातली इसबगोलाची औषधं तर अन्ननलिका अडल्याच्या तक्रारींमुळे 2007 मध्ये तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. पूर्ण ग्लासभर पाणी, साधारण 240 मिलीलिटर, कालवल्याबरोबर लगेच प्यायचं, आणि झोपायच्या अगदी आधी नाही. लकवा होऊन गेलेल्या, कंपवात असलेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पोटात जोराचं दुखत असताना, उलट्या होत असताना तर मुळीच नको. बाकीच्या गोळ्यांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवा, ते औषधही धरून ठेवतं. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून सुरू करताना साखर रोज तपासली आणि आकडे डॉक्टरांना दाखवले.

पॅकिंग आणि सूचना यांना पाचपैकी दोन. ज्या घरात दमेकरी आहे त्यांनी किलोची पिशवी आणूच नये, एकेका वेळेपुरत्या बंद पुड्या महाग पडल्या तरी त्याच घ्याव्यात.

गेल्या आठवड्यात दुकानात जाऊन हे सगळं सांगितलं. दुकानदार म्हणाला, “ताई, किलोचं गिऱ्हाईक वैद्यांचं नाहीतर हॉटेलचं असतं, ते कुणी विचारत नाहीत.” मी म्हटलं, “घरी नेणारेही आहेत, मी समोर उभी आहे.” त्याने ऐकून घेतलं. पाव किलोची, जाड पिशवीत मशीनने तोंड बंद केलेली पाकिटं करून देईन म्हणाला, किलोमागे चाळीस रुपये जास्त. पाण्याच्या सूचनेचा मजकूर मी तिथेच मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिला. दसऱ्याच्या सुमारास पुढचा माल घ्यायला जाईन, तेव्हा पाकिटावर तो छापलाय की नाही ते इथेच लिहीन.