दंडावरचा शुगरचा सेन्सर, छोट्या दवाखान्यात नऊ महिने

पुण्यात सहकारनगरात माझा दवाखाना आहे. दोन खोल्या, एक सिस्टर, बाहेर सहा खुर्च्या. संध्याकाळच्या गर्दीतले निम्मे पेशंट शुगर-बीपीवाले. मी साधी एमबीबीएस, मधुमेहाची स्पेशालिस्ट नव्हे. मागच्या ऑक्टोबरात पहिला सेन्सर लावला आणि जूनअखेर २३ लावून झाले. या वस्तूबद्दल जे वाचायला मिळतं ते एक तर विकणाऱ्यांचं असतं, नाहीतर टाइप वनच्या, म्हणजे रोज इन्सुलिनवरच जगणाऱ्या तरुण मुलांचं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यातले बहुतेक जण गल्लीतल्या डॉक्टरकडेच येतात, आणि तिथे हे यंत्र कितपत चालतं हे कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

वस्तू काय आहे ते थोडक्यात. मोठ्या बटणाएवढी चकती, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते. ती रक्तातली नव्हे, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, म्हणून बोटाच्या तपासणीच्या पाच-दहा मिनिटं मागे असते. एक सेन्सर १४ दिवस चालतो. माझ्याकडे दोन प्रकार वापरून झाले. पहिल्यात पेशंटला काहीच दिसत नाही. दर १५ मिनिटांनी एक नोंद आत साठत जाते, १४ दिवसांच्या १३४४, आणि मग मी दवाखान्यात ती उतरवून घेते. दुसऱ्यात पेशंटला फोनवर सतत आकडा दिसतो, कमी-जास्त झालं की अलार्म वाजतो. हा दुसरा एक नग पाच हजारांच्या आसपास पडतो, पहिला बराच स्वस्त. नेहमीच्या पेशंटसाठी मी पहिलाच वापरते, आणि का ते पुढे येईलच.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. गेली अकरा वर्षं माझ्याकडे. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सकाळी आणि रात्री. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी सप्टेंबरअखेर ६.७ आली. मी "शाब्बास" म्हटलं, सर खूश, विषय संपला. काकू मात्र निघताना दारात थांबून म्हणाल्या, "मॅडम, हे पहाटे घामानं भिजतात हो. आणि सकाळी उठले की नुसती चिडचिड." मी वयावर ढकललं असतं. त्याच आठवड्यात तो पहिला सेन्सर आला होता आणि कुणाला तरी लावून बघायचाच होता, म्हणून सरांना लावला. मोठा वैद्यकीय विचार वगैरे काही नव्हता.

१४ दिवसांनी रिपोर्ट उतरवला. हा रिपोर्ट सगळे दिवस एकावर एक ठेवून एकच दिवस दाखवतो. मधली जाड रेघ म्हणजे नेहमीची चाल, भोवतीचा पट्टा म्हणजे चढउतार. सरांची रेघ दिवसभर गुणी मुलासारखी, आणि रात्री दोन ते पाच खड्ड्यात. १४ पैकी ९ रात्री ७० च्या खाली, म्हणजे नको इतकी कमी. एका रात्री ५१.

सेन्सरवर एकट्यावर भरवसा नको म्हणून काकूंना दोन रात्री तीनचा गजर लावून ग्लुकोमीटरवर बघायला सांगितलं. ५८ आणि ६२. कारण माझ्याच प्रिस्क्रिप्शनमध्ये होतं. दोन वर्षांपूर्वी मीच सरांना सांगितलं होतं, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं करा. शिस्तीचा माणूस, सातच्या आत एक भाकरी आणि भाजी, भात बंद. जेवण अर्ध्यावर आलं, गोळी होती तेवढीच राहिली. ग्लिमेपिराइडला तुम्ही जेवलात की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, ती इन्सुलिन सोडायला लावतेच. रात्रीची ग्लिमेपिराइड काढली, नुसती मेटफॉर्मिन ठेवली. पहाटेचा घाम आठवड्यात थांबला.

जानेवारीत एचबीएवनसी ७.३. सर रिपोर्टचा कागद चार घड्या करून खिशातून काढत म्हणाले, "मॅडम, नापास झालो म्हणायचं का?" मी म्हटलं, "सर, आधीचे मार्क कॉपी करून मिळालेले होते." रात्रीचे खड्डे सरासरी खाली ओढत होते, म्हणून तो ६.७ इतका देखणा दिसत होता. या वयाला साडेसातच्या आत असलं तरी मला चालतं, पहाटेचे खड्डे चालत नाहीत. सेन्सरचं जे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०१९ मध्ये ठरलं, तेही हेच सांगतं: एरवी दिवसाचा ७० टक्के वेळ साखर ७० ते १८० मध्ये हवी, पण म्हाताऱ्या किंवा नाजूक माणसाला ५० टक्के पुरे, फक्त ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी वेळ जायला हवा.

हे सगळं न्यू जर्सीतल्या मुलाला कळलं आणि त्यानं काळजीनं दुसऱ्या प्रकारचा, सतत दिसणारा सेन्सर पाठवायची व्यवस्था केली. फोनवरून फोनवर, तिकडे बसून बाबांची साखर बघता येते. पहिल्या आठवड्यात काय झालं असेल ते पुण्यातल्या कुठल्याही आईवडिलांना सांगायला नको. सकाळी पावणेनऊला फोन: "बाबा, साडेआठला काय खाल्लंत?" पोहे. "किती?" तिसऱ्या दिवशी सरांनी फोन बेडरूममध्ये ठेवून पोहे गॅलरीत खाल्ले. ब्लूटूथचं अंतर त्यांनी बरोबर हेरलं होतं, पण परत आले की साचलेल्या नोंदी फोनवर चढतात हे माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी माझ्याकडे आले आणि शर्टाची बाही वर करून म्हणाले, "हे काढा. मी जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझी कुणी तपासायची नाही." काढला.

पहिला प्रकार मला आवडतो तो याचमुळे. माणूस १४ दिवस नेहमीसारखा जगतो, चोरून लाडू खायचा तर खातो, आणि आपल्याला खरं चित्र मिळतं. ज्याला इन्सुलिनचे युनिट रोज ठरवायचे आहेत किंवा ज्याला साखर उतरल्याचं कळतच नाही, त्याला मात्र अलार्मवालाच हवा.

यंत्र फसवतं तेही सांगते. चौथी पेशंट, पन्नाशीची, फक्त मेटफॉर्मिनवर. रिपोर्टमध्ये रात्री दीडला साखर अचानक ५० वर आणि अर्ध्या तासात परत ११० वर. एकट्या मेटफॉर्मिननं असा खड्डा सहसा पडत नाही. मी गोळी कमी करायला पेन उचललं होतं, तेवढ्यात सिस्टरनं विचारलं, "ताई, झोपता कुठल्या कुशीवर?" डाव्या. सेन्सर डाव्या दंडावर. चकतीवर वजन पडलं की तिथला द्रव दबतो आणि आकडा खोटा खाली जातो. तेव्हापासून आधी कूस विचारायची, मग दंड निवडायचा. पहिल्या दिवसाचे आकडेही मी धरत नाही, तार अजून रुळत असते.

ग्लुकोमीटर काही धुतल्या तांदळाचा नाही. मे महिन्यात एक काका घरून ३४२ बघून घाबरून रिक्षानं आले. दवाखान्यातल्या मशीनवर ३२९. हाताला वास आला म्हणून विचारलं तर आताच दोन हापूस कापून दिले होते नातवंडांना, स्वतः फोडसुद्धा तोंडात टाकली नव्हती. साबणानं हात धुवायला लावले, कोरडे पुसले, दुसऱ्या बोटातून १६८. स्पिरिटच्या कापसानं नुसतं पुसून हा रस जात नाही.

धनकवडीहून येणाऱ्या एका पेशंटचा ग्राफ म्हणजे दिवाळीतलं भुईचक्र. तेच इन्सुलिन, तेवढेच युनिट, रोज वेगळी चाल. जेवणाची वही बघितली, वेळा बघितल्या, काही लागेना. शेवटी म्हटलं झोपा टेबलावर. बेंबीच्या उजवीकडे बोटांना रबरासारखी गाठ लागली. सहा वर्षं तिथेच सुई, कारण तिथे दुखत नाही. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. जागा बदलली, आणि चांगल्या कातडीतून औषध पूर्ण लागू पडणार म्हणून युनिटही आधीच कमी केले. दर महिन्याला येणारा माणूस, आणि मी त्याच्या पोटाला हात शेवटचा कधी लावला होता ते मला आठवत नव्हतं.

आणखी एक, पटकन. एका बाईंची एचबीएवनसी ७.४, हिमोग्लोबिन ८.६. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी खोटी वर जाते. सेन्सरची सरासरी १२८, म्हणजे हिशेबानं साडेसहाच्याही आत. शुगरची दुसरी गोळी सुरू केली नाही, लोह सुरू केलं.

तक्रारी. एप्रिल-मेच्या घामात चिकटपणा सुटतो, २३ पैकी ३ वेळेआधी पडले, त्यातला एक बसमध्ये दांडीला लटकताना. लावण्याआधी जागा धुवून पूर्ण कोरडी केली आणि वरून साधी मेडिकलची टेप मारली की टिकतो. दोघींना खाज सुटून पुरळ आलं. एक सेन्सर सहाव्या दिवशी बंद पडला. बदलून मिळाला, पण चार फोन, खोक्यावरच्या नंबरचा फोटो आणि "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" ऐकत घालवलेला अर्धा तास, एवढं झाल्यावर. फोनवाल्या प्रकाराला एनएफसी (फोन जवळ नेला की जोडला जाण्याची सोय) असलेला फोन लागतो, आणि माझ्या निम्म्या पेशंटच्या फोनमध्ये ते नाही. हे विकताना कुणी सांगत नाही. एमआरआयला जायचं असेल तर आधी काढावा लागतो, हेही.

पण खरा खर्च वेळेचा. रिपोर्ट नीट वाचून, जेवणाच्या वहीशी जुळवून पेशंटला समजावायला मला २५ मिनिटं लागतात. तेवढ्यात बाहेर पाच ताप-सर्दीवाले खोळंबतात. याची वेगळी फी घ्यायची सवय ना मला, ना पेशंटला. आता गुरुवारची दुपार यासाठी ठेवली आहे, दोनच रिपोर्ट.

सगळ्यांना मी तो लावत नाही. नुकती शुगर निघालेली, एका गोळीवर व्यवस्थित चाललेली माणसं "मलाही लावा" म्हणून येतात. त्यांना सांगते, त्या पैशात ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप घ्या, आठवड्यातून दोनदा जेवणाआधी आणि दोन तासांनी बघा, लिहून आणा. सेन्सर तिथे, जिथे एचबीएवनसी आणि समोरचा माणूस वेगवेगळं सांगतायत.

मागच्या मंगळवारी सकाळी सर आले होते, बीपीसाठी. काकू म्हणाल्या, "यांनी काय खाल्लं ते मुलगा विचारतो, तुम्ही विचारता. मला कोण विचारतंय?" हसत म्हणाल्या, पण मी त्यांचं बोट घेतलं. चहासुद्धा झाला नव्हता त्यांचा. १३१ आली, उपाशीपोटी एवढी यायला नको. लॅबमध्ये रक्त देऊन यायला सांगितलंय, बुधवारी रिपोर्ट येईल.