डेको एम४ मेश वायफाय : दिव्यांच्या रंगांचा वापरानंतरचा अनुभव

कोथरूडमधील आमचे घर म्हणजे जुने रो हाउस आहे. तळमजल्यावर दिवाणखाना आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर आमच्या खोल्या आणि अगदी मागच्या बाजूला, गच्चीला लागून, माझी कामाची खोली. मधला काँक्रीटचा स्लॅब आणि नऊ इंची विटांच्या भिंती यांमुळे खालच्या एकुलत्या राउटरचा सिग्नल माझ्या टेबलापर्यंत येताना पार क्षीण होत असे. म्हणून गेल्या दिवाळीत टीपी-लिंकच्या डेको एम४ या मेश वायफायचा (म्हणजे अनेक डबे मिळून घरभर एकच वायफाय पुरवणाऱ्या व्यवस्थेचा) तीन डब्यांचा संच घेतला आणि आता पावसाळा संपत आला असताना हा अनुभव लिहीत आहे. वेग आणि पल्ला यांची चर्चा खरेदीपूर्वी सगळेच वाचतात; मला मात्र लिहायचे आहे ते प्रत्येक डब्यावरच्या एका लहानशा दिव्याबद्दल, कारण इंटरनेट बंद पडल्यावर बिघाड कुठे आहे हे शोधताना सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला.

रंग चारच आहेत, पण प्रत्येक रंगाचा अर्थ दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे यावर अवलंबून असतो. स्थिर पिवळा म्हणजे डबा सुरू होत आहे; लुकलुकता पिवळा म्हणजे तो रीसेट होत आहे, अर्थात त्यातील सर्व मांडणी पुसली जात आहे. लुकलुकता निळा म्हणजे नव्याने जोडणी करून घेण्यास डबा तयार आहे आणि स्थिर निळा म्हणजे ती जोडणी चालू आहे. स्थिर हिरवा म्हणजे सर्व सुरळीत. लुकलुकता हिरवा म्हणजे फर्मवेअर (डब्याचे आतील सॉफ्टवेअर) अद्ययावत होत आहे आणि त्या वेळी स्विच बंद करू नये. लुकलुकता लाल म्हणजे त्या डब्याचा मुख्य डब्याशी (ज्याला बाहेरून आलेले इंटरनेट जोडलेले असते त्याच्याशी) असलेला दुवा तुटला आहे, आणि स्थिर लाल म्हणजे काहीतरी अडचण आहे, जी मुख्य डब्यावर दिसली तर बहुतेक वेळा इंटरनेटच येत नसल्याची असते.

एवढे माहितीपत्रकातही छापलेले असते. वापरातून जे उमगते ते असे की, हे दिवे रस्त्याकडून घराच्या आत या क्रमाने वाचायचे असतात. वरच्या खोलीत इंटरनेट बंद पडले की आपण वरच्याच डब्याकडे पाहतो, पण मुख्य डब्यावर लाल दिवा असेल तर वरच्या डब्यांच्या रंगांकडे लक्ष देण्यात काहीच अर्थ नसतो. मुख्य डबा हिरवा आणि वरचा लाल असेल तर दोष डब्यांच्या आपापसातील दुव्यात आहे असे समजावे. आणि मुख्य डबा लाल असेल तर आणखी एक पायरी मागे जाऊन, इंटरनेट पुरवठादाराने भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या उपकरणाकडे, म्हणजे ओएनटीकडे, पाहावे. मेश वायफायच्या दिव्यांचे अर्थ सांगणारे बहुतेक लोक हे उपकरण विसरतात. माझ्या मते मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

ओएनटीवर दोन दिवे पाहावेत. पॉन असे लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर पुरवठादाराच्या यंत्रणेने आपल्या उपकरणाची नोंद घेतलेली आहे. तो लुकलुकत राहिला तर नोंद होण्याचा प्रयत्न चालू आहे, पण यश आलेले नाही. दुसरा दिवा एलओएस, म्हणजे सिग्नल हरवल्याची खूण. एरवी तो बंदच असतो आणि बंद असणे हेच चांगले. तो लाल लुकलुकू लागला की फायबरमधून येणारा प्रकाश एकतर थांबला आहे किंवा उपकरणाला वाचता येणार नाही इतका मंद झाला आहे. जीपॉन या फायबर इंटरनेटच्या पद्धतीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो, आणि आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी प्लस वर्गाच्या उपकरणांत तो सुमारे उणे २७ डीबीएमच्या (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे एकक) खाली गेला की उपकरण हात टेकते. दुरुस्तीला येणारा मुलगा खिशातून लहानसे मीटर काढून हाच आकडा पाहतो. प्रकाश दिसत नसला तरी तो तिथे असू शकतो, म्हणून तुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये.

एलओएस लाल होण्यामागे प्रत्येक वेळी रस्त्यावरची खोदाईच असते असे नाही. या काळात आमच्या गल्लीत जलवाहिनीसाठी रस्ता खोदला गेला तेव्हा खरोखरच केबल तुटली होती आणि पूर्ण गल्लीच बंद होती. पण नंतर एकदा शेजाऱ्यांकडे सर्व चालू असताना फक्त आमच्याकडे तो दिवा लाल झाला. तेव्हा कारण घरातच सापडले: साफसफाईत सोफा मागे सरकला होता आणि ओएनटीला जोडलेली पातळ फायबर त्याच्या पायाशी काटकोनात दुमडली गेली होती. काचेचा तो तंतू तुटला नव्हता, पण तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. वायरीला सैल, मोठा वळसा दिल्याबरोबर दिवा विझला. तक्रार नोंदवण्यापूर्वी एवढे पाहून घेतले तर पुष्कळदा एक दिवस वाचतो.

ओएनटीवर पॉन स्थिर हिरवा, एलओएस बंद आणि तरीही डेकोचा मुख्य डबा स्थिर लाल, ही तिसरी परिस्थिती लोकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते. अशा वेळी प्रकाश येत असतो, पण पुरवठादार आपल्याला आत घेत नसतो. मुदत संपलेला रिचार्ज हे त्याचे सर्वांत साधे कारण. पीपीपीओई पद्धतीचे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडले जाणारे, कनेक्शन असेल तर युजरनेम किंवा पासवर्डमधील चूक हे दुसरे. तिसरे कारण नव्या राउटरच्या पहिल्याच दिवशी भेटते. अनेक स्थानिक पुरवठादार जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याशी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशी) कनेक्शन बांधून ठेवतात, त्यामुळे नवा डबा कितीही नीट जोडला तरी लालच राहतो. पुरवठादाराला फोन करून नवा पत्ता नोंदवून घ्यावा, किंवा डेकोच्या ॲपमधील मॅक क्लोन ही जुना पत्ता नव्या डब्याला देणारी सोय वापरावी. डबा पुन्हा पुन्हा रीसेट केल्याने यातले काहीही सुटत नाही.

आता हिरव्या दिव्याबद्दल, कारण या संचाविषयी माझे सर्वांत मोठे म्हणणे तेच आहे. वरच्या डब्यावरचा हिरवा दिवा दुवा जुळलेला आहे एवढेच सांगतो; तो किती भक्कम आहे हे सांगत नाही. एम४ दोनच बँडचा (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा) आहे, डब्यांसाठी वेगळा बँड नाही, म्हणजे डब्यांचे आपापसातील दळणवळण आणि आपल्या फोन-लॅपटॉपची ये-जा एकाच रेडिओवरून चालते, आणि बिनतारी दुव्याच्या प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्म्यावर येतो. सुरुवातीला मधला डबा वरच्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी होता. तीनही दिवे हिरवेगार, आणि तरीही माझ्या व्हिडिओ बैठका अडखळत. ॲप उघडून प्रत्येक डब्यासमोर दिसणारी सिग्नलची पातळी पाहिली तेव्हा मधल्या डब्याचा दुवा कमकुवत असल्याचे कळले. तो डबा जिन्याच्या वळणावरील कोनाड्यात आणल्यावर, जिथून खालचा दिवाणखाना आणि वरचा बोळ दोन्ही थेट दिसतात, बैठका सुरळीत झाल्या. दिव्याचा रंग मात्र दोन्ही वेळा तोच होता. याउलट लिंक्सिस व्हेलोपवर दुवा कमकुवत झाला की दिवा पिवळा होतो, आणि नेटगिअर ऑर्बीच्या सुरुवातीच्या मॉडेलांत उपडबा जोडताना निळा म्हणजे उत्तम व अंबर (पिवळट नारिंगी) म्हणजे बेताचा दुवा असे लगेच समजते. डबा हातात धरून घरभर योग्य जागा शोधणाऱ्या माणसाला अशा मधल्या रंगाची फार गरज असते आणि डेकोच्या पुढच्या मॉडेलांत तो असावा असे मला मनापासून वाटते.

याच कारणाने एका कंपनीचे रंग दुसऱ्या कंपनीला लावू नयेत. बावधनला राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे व्हेलोप आहे. तिथे स्थिर निळा म्हणजे सर्व ठीक, तर आमच्याकडे निळा म्हणजे जोडणी अजून पूर्ण व्हायची आहे. गुगल नेस्ट वायफाय आणि ईरो यांच्यावर स्थिर पांढरा हा सुरळीतपणाचा रंग आहे. व्हेलोपवर जांभळा म्हणजे डबा जोडणीला तयार, आणि ऑर्बीवर त्याच्या जवळचा गुलाबीसर जांभळा म्हणजे संपर्क तुटलेला. फोनवर कोणी रंग सांगितला तर आधी डबा कोणाचा हे विचारावे.

सासऱ्यांमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी उत्पादकांनीही ध्यानात घ्यायला हवी. त्यांना लाल आणि हिरव्या रंगांतील फरक लहानपणापासून नीट कळत नाही. हा दोष एक्स गुणसूत्रातून येत असल्यामुळे पुरुषांमध्ये तो स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळतो. स्थिर हिरवा आणि स्थिर लाल हे त्यांना जवळपास सारखेच दिसतात, म्हणजे सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट स्थिती त्यांना एकसारखीच वाटते. लुकलुकणे मात्र ते अचूक सांगतात. म्हणून मी घरी नसताना त्यांना रंग विचारतच नाही. "बाबा, दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे?" एवढेच विचारते, आणि स्थिर असेल तर ओएनटीवर एलओएसच्या जागी काही पेटले आहे का हे विचारते. तिथे एरवी दिवा बंदच असल्यामुळे रंग ओळखण्याची गरज पडत नाही, आणि तिथेही काही नसेल तर डेकोचे ॲप मजकुरातच स्थिती सांगते.

गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली जाते तेव्हा घाई न करणे महत्त्वाचे ठरते. वीज आल्यावर तीनही डबे एकदम पिवळे होतात. मुख्य डबा सावरेपर्यंत वरचे काही वेळ लाल लुकलुकतात आणि मग आपोआप हिरवे होतात. या मधल्या काळात टाचणीने रीसेटचे बटण दाबले तर पिवळा लुकलुकू लागतो आणि तो डबा पुन्हा पहिल्यापासून जोडावा लागतो. ओएनटी आणि मुख्य डबा आम्ही १२ व्होल्टच्या लहान यूपीएसवर ठेवले आहेत, त्यामुळे वीज गेली तरी खालच्या मजल्यावरचे वायफाय चालू राहते. विकत घेताना दोन्ही उपकरणांच्या ॲडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर मात्र जुळवून पाहावेत.

रात्री दिवा डोळ्यांवर येत असेल तर ॲपमधून ठरावीक वेळेत तो बंद ठेवता येतो. त्या वेळेत विझलेला दिवा पाहून डबा बंद पडला असे कोणी समजू नये म्हणून ही वेळ घरात सर्वांना सांगून ठेवावी.

दोन मजल्यांच्या घरासाठी मी हा संच निश्चित सुचवीन. घराचे काम किंवा रंगकाम निघणार असेल तर त्याच वेळी वरच्या डब्यापर्यंत कॅट ६ ची नेटवर्क वायर ओढून घ्यावी. एम४ च्या प्रत्येक डब्याला दोन गिगाबिट पोर्ट आहेत, आणि डबे वायरने जोडले की दुवा कमकुवत असूनही दिवा हिरवाच दिसण्याचा प्रश्न उरत नाही.