लाईट गेली की हातात काय घ्यायचं? आमच्या घरातल्या सात बॅटऱ्यांचा हिशेब

आधी एक खुलासा, आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतो ते सेल, त्यामुळे खाली मी बॅटरी बॅटरी करत सुटले तर गोंधळू नका. आम्ही दापोली तालुक्यात, कौलारू घर, माणसं तीन, मी, नवरा आणि ८४ वर्षांच्या सासूबाई. गेल्या वर्षी मिरगाच्या आदल्या आठवड्यात पहिला वळवाचा दणका बसला, लाईट गेली, आणि खुंटीवरून, ड्रॉवरमधून, देवघराच्या मागून शोधून शोधून सात बॅटऱ्या गोळा केल्या तर त्यातली चालू किती? एक. ती पण सासूबाईंची पितळी. तेव्हाच ठरवलं की ह्या सगळ्यांना पूर्ण पावसाळा वापरून बघायचं आणि लिहायचं, कारण नेटवर जे वाचायला मिळतं ते सगळं ल्युमेन (म्हणजे एकूण उजेड मोजायचं माप), मीटर आणि जंगलात फिरणाऱ्या माणसांसाठी, रात्री दोनला म्हाताऱ्या माणसाला परसात जायचं असतं त्याबद्दल कोणी काही लिहीत नाही.

मला विचाराल तर बॅटरी घेताना पहिला प्रश्न उजेड किती हा नाहीच. लाईट किती वेळ जाते हा प्रश्न आहे. माझी मुलगी ठाण्यात राहते, तिच्याकडे गेली तर तासा-दोन तासांत येते, मोठ्यात मोठं प्रकरण म्हणजे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची ग्रीड बसली तेव्हाचं, तीही सकाळी दहाच्या सुमाराला, पण तरी जिन्यात आणि आतल्या बाथरूममध्ये काळोखच म्हणे. आणि आमचं काय, तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या वाडीत लाईट आली पंचवीस दिवसांनी. खांब आडवे, तारांवर माड आणि पोफळी, लाइनमन बिचारे भर पावसात खांब ओढत होते. ज्याला दोन तास काढायचे त्याची बॅटरी वेगळी आणि ज्याला पंचवीस रात्री काढायच्या त्याची वेगळी, दुकानदार दोघांना एकच काढून देतो.

त्या पंचवीस दिवसांत चार्जिंगवाल्या सगळ्या गोष्टी तिसऱ्या दिवशी झोपल्या. गावात एकाने जनरेटर लावला होता तिथे मोबाईलची रांग, त्यात बॅटरी चार्जिंगला लावायची म्हणजे लोकांच्या शिव्या खायच्या. मोबाईलच्या टॉर्चबद्दल तर बोलूच नका, जो फोन एका काडीच्या रेंजसाठी जपून ठेवायचा त्याच्या उजेडात भाकऱ्या भाजायच्या का?

आता एकेक घेते. सगळ्यात वाईट आधी. मागे प्लगच्या दोन पिना असतात, सरळ भिंतीत खोचायची, ती बाजारात सगळीकडे लटकलेली असते, मी साडेतीनशेला घेतली होती. नाव नाही सांगत कारण दहा नावांनी तोच माल असतो. आत चार व्होल्टची लेड अॅसिड बॅटरी, म्हणजे स्कूटरच्या बॅटरीची चुलत बहीणच. ह्या जातीची खोड अशी की तिला रिकामी ठेवलेलं अजिबात चालत नाही, नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते आणि उतरलेली तशीच राहिली की आत प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, मग तुम्ही रात्रभर लावा नाहीतर आठवडाभर, ती दहा मिनिटं जळून मंद होणार. आपण काय करतो, पावसाळा संपला की कपाटात टाकतो आणि पुढच्या मिरगाला काढतो. बरोब्बर तिला मारायची पद्धत. आणि आठवणीने लावून ठेवावी तर स्वस्तातल्यांना चार्जिंग पूर्ण झाल्यावर थांबायची अक्कल नसते, आमची पहिली अशीच फुगली, झाकण उघडेना. महिन्यातून एकदा तारीख लावून चार्ज करणारी शिस्तीची माणसं असाल तर घ्या, आमच्या घरात तशी कोणी नाही.

दुसरी, नवऱ्याने हौसेने ऑनलाइन मागवलेली, काळी, धातूची, पुढचं तोंड ओढलं की झूम होते. आत १८६५० नावाचा लिथियम सेल. हा आकडा म्हणजे काही मॉडेल नव्हे, सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून १८६५०. सेल उत्तम जातीचा असतो, पण आमच्यावर छापलं होतं ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप! ह्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजाराच्या आसपास मावतात, त्यामुळे कुठेही ह्या मापाच्या सेलवर सहा हजार, नऊ हजार दिसलं की पुढे वाचायचंच नाही, ज्याने तिथे थाप मारली त्याने ल्युमेनमध्ये पण मारलेली असणारच. उजेड मात्र लांब जातो, समोरच्या डोंगरावरच्या झाडावर पडतो, पण मला सांगा लाईट गेल्यावर डोंगरावरच्या झाडाशी माझं काय काम? स्वयंपाकघरात लावली तर भिंतीवर ताटाएवढा झगझगीत गोल आणि बाकी सगळा काळोख, आणि त्या गोलाने डोळे दिपतात म्हणून काळोख आणखीच दाट वाटतो.

आणि तिचे मोड! एकदा दाबलं की फुल, मग मध्यम, मग मंद, मग फडफड, मग एसओएस, म्हणजे मदत मागायची लुकलुक. सासूबाईंनी पहिल्याच रात्री हातात घेतली आणि परसातून हाक, "अगो, ही डोळे मिचकावत्ये, बिघडली वाटतं!" बंद करायला गेल्या तर पुन्हा फुल, पुन्हा मध्यम, शेवटी पदरात गुंडाळून घेऊन आल्या. तेव्हापासून माझा नियम झाला, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर एक बटण, एक उजेड, फार तर दोन. दुकानात उभं राहूनच चालू-बंद करून बघा, डोळे मिटून. काळोखात तुम्हाला तेच करायचंय.

खोक्यावर काय वाचायचं तेवढं सांगते कारण हे मलाही उशिरा कळलं. बऱ्या कंपन्या एएनएसआय एफएल-१ असं छापतात, ती मोजायची ठरलेली पद्धत आहे. त्यात "रनटाइम ८ तास" ह्याचा अर्थ आठ तास तसाच लख्ख उजेड असा नाही, सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत आठ तास. आणि "१०० मीटर" म्हणजे शंभर मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पडतो, तिथला माणूस ओळखू येईल असं नाही. घरात वापरायला १०० ल्युमेन रग्गड होतात हो, रात्री उठून पाणी प्यायला तर दहा सुद्धा पुरतात.

इन्व्हर्टर बल्ब, म्हणजे साध्या होल्डरमध्ये बसणारा एलईडी बल्ब ज्याच्या पोटात छोटी लिथियम बॅटरी असते, तो ठाणे-पुणेवाल्यांनी डोळे मिटून घ्यावा. लाईट गेली की आपोआप चालू राहतो, तीन-चार तास काढतो, शोधाशोध नाही. मुलीकडे हॉलमध्ये एक आणि जिन्याच्या दारापाशी एक आहे. बटण मात्र चालू ठेवावं लागतं हे लक्षात ठेवा. आमच्याकडे पहिली संध्याकाळ छान गेली, दुसऱ्या दिवशी तो नुसता बल्ब. सोलर कंदील मे महिन्यात मस्त चालला, जुलैमध्ये सूर्य दिसेल तर चार्ज होईल ना. पुढे.

आता कौलारू घराची गंमत. सगळीकडे वाचाल की टॉर्च उभी करून छताकडे तोंड करा, सगळी खोली उजळते. स्लॅबच्या पांढऱ्या सिलिंगला खरं आहे ते. आमच्याकडे वर वासे, रीपा आणि काळवंडलेली कौलं, उजेड वर गेला तो गेलाच, फक्त पाली दिसल्या. ह्यावर रामबाण उपाय निघाला तो तेलाच्या पाच लिटरच्या पांढुरक्या कॅनचा. धुवून पाणी भरायचं आणि डोक्याला लावायच्या बॅटरीचा पट्टा कॅनभोवती असा बांधायचा की दिव्याचं तोंड आत. अख्खा कॅन कंदिलासारखा उजळतो, डोळ्यांवर येत नाही, चारजण आरामात जेवतात.

म्हणजे आलीच ती डोक्याची बॅटरी, आणि सातांत माझा पहिला नंबर हिचा. आमच्या इकडे पहिल्या पावसात खेकडे धरायला जाणारी पोरं ही लावतात त्यामुळे बाजारात स्वस्तातली मिळते, पण मी घेतली ती भाच्याने डेकॅथलॉन नावाच्या खेळसामानाच्या दुकानातून आणून दिलेली साधी, तीन ट्रिपल ए, म्हणजे बारीक सेलवाली. दोन्ही हात मोकळे! हे वाक्य वाचायला साधं वाटतं, पण लाईट गेलेली असताना एका हातात बॅटरी धरून कुकरचं झाकण लावून बघा, किंवा गळक्या कौलाखाली पातेली सरकवून बघा, किंवा फ्यूज बघायला स्टुलावर चढून बघा. नवरा आधी हसला, खाणीतली कामगार दिसतेस म्हणाला, ऑगस्टपर्यंत तिच्यासाठी आमची रोज भांडणं. एकच दोष, समोरच्याकडे बघून बोललं की त्याच्या डोळ्यांत जाते, म्हणून तोंड खाली वळवता येणारीच घ्या. आणि सेल काढून दुसरे घालता येणारीच घ्या, आत बंद बॅटरी असलेली नको. पंचवीस दिवसांत आमच्या वाण्याकडे वीज नव्हती पण सेल होते.

सेलवरून आठवलं, ह्या सगळ्या भानगडीत बॅटऱ्या मेल्या त्यातल्या दोन सेलने मारल्या. वर्षभर आत राहिले, त्यांना पाणी सुटलं, स्प्रिंग गंजून हिरवी. पावसाळा संपला की सेल काढून वेगळे ठेवा, अगदीच आळस असेल तर एक सेल उलटा घालून ठेवा, चुकून चालू राहून उतरणार नाहीत. अल्कलाइन जातीचे सेल फुटले असतील तर कापसाच्या बोळ्याने थोडं व्हिनेगर लावून पुसलं की पांढरं साचलेलं निघतं, हात मात्र धुवा. जुने-नवे एकत्र कधीच नको. अल्कलाइन महाग पण न उघडता वर्षानुवर्षं टिकतात, मी दोन पाकिटं डाळीच्या डब्याशेजारी ठेवते, तिथली गोष्ट कोणी हलवत नाही.

यूएसबीवर चार्ज होणारा छोटा कंदीलही ठेवलाय, पिवळसर उजेडाचा, पॉवर बँकवर पण चालतो. पिवळसरच घ्या, एकतर पांढऱ्या-निळसर उजेडावर पाखरं जास्त येतात, जेवताना ताटात. बाहेर जाताना तर फारच फरक पडतो. आमच्याकडे फुरसं हा विषारी साप, रंग त्याचा जांभ्या दगडासारखा आणि पाचोळ्यासारखा, आणि त्या निळसर स्वस्त उजेडात सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असला तर ८० च्या वर बघा, रंग खरे दिसतात. नसेल लिहिलेला तर दुकानात आपल्याच तळहातावर मारून बघायचा, हात मेल्यासारखा दिसला की परत द्यायची.

पावसात वापरायची तर आयपीएक्स-४ म्हणजे चहूकडून शिंतोडे चालतात, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. मला वाटायचं हे कशाला हवंय, पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या बॅटऱ्या खालच्या मजल्यावर टीव्हीच्या ड्रॉवरमध्ये होत्या आणि ती सगळी वर. आता तिची वरच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला असते. आमच्याही जागा ठरल्यात, एक सासूबाईंच्या उशाशी, एक मागच्या दाराला, आणि जो उचलेल त्याने तिथेच परत ठेवायची, न ठेवणाऱ्याला सकाळचा चहा नाही.

राहिली सासूबाईंची पितळी. एव्हरेडीची, दोन मोठ्या सेलची, सासऱ्यांनी घेतलेली, वजन असं की चोराच्या डोक्यात घातली तर दोघांचा निकाल लागेल. बल्ब उडाला तेव्हा दापोलीच्या बाजारात जुन्या बॅटरीत बसणारा एलईडीचा बल्ब मिळाला, दोन सेलचा आणि तीन सेलचा वेगळा असतो, सांगून मागा. आता तेच सेल कितीतरी जास्त दिवस जातात. सरकवायचं बटण, मोड नाही, चार्जिंग नाही, पडली तर फरशी फुटेल. त्यांना मी डोक्याची बॅटरी दोनदा लावून दिली, पट्ट्याने अंबाडा सुटतो म्हणून काढून ठेवली त्यांनी, आणि आता ती रात्री कॅनला बांधतो तेव्हा पट्ट्याला त्यांच्या खोबरेल तेलाचा वास येतो तो येतोच.

यूएसबी कंदिलाच्या चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण चार महिन्यांतच तुटलंय, सध्या वर चिकटपट्टी. हा पावसाळा काढला त्याने तर दिवाळीत परत लिहीन.