ओपन रेट ६२ टक्के, पेट्या गेल्या ९

आमचा देवगड हापूसचा घरगुती धंदा, बागेतून थेट पेटी. जुनी ११०० गिऱ्हाईकं, त्यांना दरवर्षी मीच मेल टाकायचो, बुकिंग चालू झालंय एवढंच. मागच्या सीझनला एक एजन्सीवाला भेटला (नाव घेत नाही), म्हणाला दादा आम्ही ओपन रेट (शंभरातले किती जण मेल उघडतात तो आकडा) डबल करून देतो, नाही झाला तर पैसे परत. ३ महिन्यांचे ४५ हजार, सगळे आधी. दिले.

पहिल्याच रिपोर्टात ६२ टक्के ओपन. मी खूश, घरी सगळ्यांना दाखवला. पण फोन काही वाजेना, त्या मेलवरून गेल्या फक्त ९ पेट्या. विचारलं तर म्हणे ब्रँड बिल्डिंग चालूय, फळ नंतर मिळतं. आंबेवाल्याला सांगतोय फळ नंतर मिळतं! मे संपल्यावर काय कोयी विकू?

बिंग फुटलं ते वहिनींमुळे. त्या पण लिस्टवर आहेत, म्हणाल्या मी तर मेल उघडलाच नाही, आणि रिपोर्टात त्यांच्या नावापुढे ओपन. फोन आयफोन. मग पुतण्याने समजावलं की मेलमध्ये एक डोळ्याला न दिसणारं बारीक चित्र असतं, ते लोड झालं की ओपन धरतात, आणि ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून, आयओएस १५ आलं तेव्हापासून, ती प्रायव्हसी सेटिंग चालू असेल तर ॲपलचे सर्व्हरच चित्र आधी उचलून ठेवतात, माणूस मेल उघडो न उघडो. म्हणजे तो गॅरंटी कशाची देत होता बघा.

क्लिकचं तर विचारूच नका. मेल गेल्यावर ५-१० सेकंदात सगळ्या लिंकवर क्लिक, अगदी अनसबस्क्राइबवरसुद्धा. हे कंपन्यांचे मेल तपासणारे सॉफ्टवेअर करतात. पण आमच्या लिस्टवर कंपन्या कुठून आल्या? तर या एजन्सीवाल्याने कुठूनतरी विकत घेतलेले पत्ते घुसडून ११०० चे १८ हजार केलेले, इन्फो, एचआर, अकाउंट्स असले. आणि पाठवलं सगळं आमच्या डोमेनवरून, म्हणजे आमच्याच नावाच्या मेल पत्त्यावरून. अनोळखी लोकांनी स्पॅम दाबलं, अशा स्पॅम तक्रारींची गूगलची मर्यादा ०.३ टक्के, आम्ही तिच्या कितीतरी वर, मग जुन्या गिऱ्हाइकांची बुकिंगची कन्फर्मेशन पण स्पॅममध्ये जायला लागली. ४५ हजारांपेक्षा हे जास्त लागलं. सलग १५ वर्षं पेटी घेणारे एक काका रागावून दुसरीकडे गेले.

कोणाला काम देणार असाल तर मेल टूलचं अकाउंट स्वतःच्या नावावर ठेवा, लिस्टला हात लावू देऊ नका, प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग (लिंकच्या शेवटी जोडायची ओळखखूण) लावायला सांगा म्हणजे कुठल्या मेलवरून किती ऑर्डर आली ते तुमच्या वेबसाइटच्या ॲनालिटिक्समध्ये तुम्हालाच दिसेल, त्याच्या पीडीएफवर बसायला नको. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, स्पॅमचा आकडा तिथे कळतो, मी ते जूनमध्ये बघितलं.

पैसे परत मागितले तर म्हणाला, दादा ओपन रेट डबल करायचं ठरलं होतं, तो झाला की.