फुफ्फुसांसाठीचे खनिजयुक्त चूर्ण : एक अभिप्राय

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लावणारा फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार, असलेल्या रुग्णांची ‘खनिजांची कमतरता भरून काढून श्वास मोकळा करणारे’ असे वर्णन छापलेले एक वनस्पतिजन्य चूर्ण पुण्यातील एका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून आईसाठी घेतले. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीची चूर्णे अनेक जण विकतात आणि माझा आक्षेप त्यांच्या घडणीवर आहे. २०० ग्रॅमच्या डब्याला ६४० रुपये पडतात आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा कोमट पाण्यातून घ्यायचा असतो. आईच्या आयुष्यातली बरीच वर्षे चुलीच्या धुरात गेली. आता श्वासाचा पंप (इनहेलर), अधूनमधून नेब्युलायझर आणि पायांवरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. हे सगळे सांगूनही विक्रेत्याने “आजींना निर्धास्त द्या, नैसर्गिकच आहे” असे सांगितले.

चूर्णाची प्रत चांगली आहे. ते बारीक दळलेले असून पाण्यात गुठळ्या होत नाहीत, आणि सुंठ-पिंपळीचा तिखटपणा ज्येष्ठमधाच्या गोडीमुळे सुसह्य होतो. घशाची खवखव कमी झाली आणि कफ थोडा सैल झाला, असे आईचे म्हणणे होते व ते पटण्यासारखे आहे. ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे प्रचलित औषध चूर्णातल्या अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरूनच तयार झाले. जिना चढताना लागणारी धाप मात्र होती तेवढीच राहिली. सीओपीडीत श्वासनलिका आणि वायुकोश यांची जी हानी झालेली असते ती चूर्णाने भरून येत नाही, त्यामुळे तशी अपेक्षाही नव्हती.

राहिला खनिजांचा दावा. त्यामागची कल्पना निराधार नाही, आणि म्हणूनच तो तपासण्याजोगा आहे. पंपातले किंवा नेब्युलायझरमधले साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका रुंद करणारे औषध रक्तातले पोटॅशियम पेशींमध्ये ढकलते, लघवीच्या काही गोळ्या पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बाहेर टाकतात, तर दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे हाडांतले कॅल्शियम कमी होत जाते. फॉस्फरस फार घटला तर श्वासपटलाचा स्नायूच दुबळा पडतो. म्हणजे या आजारात खनिजांकडे लक्ष देण्याला आधार आहे. मात्र डब्यावरील तक्त्यानुसार दिवसभराच्या मात्रेतून मॅग्नेशियम मिळते ५० मिलिग्रॅम, तेही ऑक्साइडच्या रूपात, जे आतड्यांतून कमी शोषले जाते. भोपळ्याच्या मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, बियांतून याच्या तिप्पट मॅग्नेशियम मिळते. कॅल्शियमचे प्रमाण तर इतके किरकोळ आहे, की १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असलेल्या नाचणीची एक भाकरी त्याला सहज मागे टाकते. पोटॅशियमचा तक्त्यात उल्लेखच नाही.

खरी अडचण ज्येष्ठमधाची आहे. त्यातील ग्लिसरायझिन मूत्रपिंडांना सोडियम व पाणी धरून ठेवायला आणि पोटॅशियम टाकून द्यायला लावते. त्यातून रक्तदाब वाढू शकतो आणि पायांवरची सूजही. युरोपातील तज्ज्ञ समितीने ग्लिसरायझिनची दिवसाची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवली आहे. या चूर्णातून दिवसाला ३ ग्रॅम ज्येष्ठमध पोटात जातो, आणि मूळ चांगल्या प्रतीचे असेल तर तेवढ्याने ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. म्हणजे खनिजे भरून काढण्यासाठी विकलेला डबा, साल्ब्युटामॉल आणि लघवीची गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत, एक महत्त्वाचे खनिज कमी करण्याच्याच बाजूला उभा राहतो. आईच्या छातीच्या डॉक्टरांनी नेहमीच्या रक्ततपासणीत पोटॅशियम खालच्या टोकाला आलेले पाहून चूर्ण बंद करायला सांगितले. दोष एकट्या चूर्णाला देता येणार नाही, असेही ते म्हणाले, कारण गोळी आणि पंप आधीपासून चालूच होते. पण त्यात भर कशाला घालायची, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

पिंपळीतील पिपरिनमुळे थिओफायलिन या श्वासनलिका रुंद करणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी वाढू शकते आणि हे औषध आपल्याकडे अजूनही अनेकांना दिले जाते. शिवाय छातीत जंतुसंसर्ग होऊन डॉक्सिसायक्लिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन सुरू झाले, तर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि जस्त त्यांना आतड्यातच बांधून ठेवतात व प्रतिजैविकाचा परिणाम घटतो. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे लागते. सीओपीडीच्या रुग्णाला अशी औषधे वारंवार लागतात, तरीही डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या बाजूला मोकळ्या श्वासाचे आश्वासन आहे. मागे मुंगीच्या अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ ही पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांसाठी सक्तीची ओळ आहे.

ज्यांना लघवीची गोळी, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी हा डबा घेऊ नये. ज्यांना यांपैकी काही नाही त्यांना खोकल्यापुरता थोडे दिवस उपयोग होईल, पण त्यासाठी ६४० रुपये जास्त आहेत. आमच्याकडे आता नाचणी, दूध, डाळी, तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांवर भर आहे, आणि पोटॅशियमसाठी शहाळे; मूत्रपिंडे अधू असणाऱ्यांनी मात्र शहाळेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पंप अर्थातच चालू आहे.

उत्पादकाला सूचना करायची तर एकच करीन. ग्लिसरायझिन काढून टाकलेला ज्येष्ठमध बाजारात मिळतो. तो वापरावा, आणि तोवर सध्याच्या डब्यावर लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी सूचना छापावी, दर्शनी बाजूला.