गाइड निवडताना काय बघावं: एकूण साइटेशन, एच-इंडेक्स की पेपरवरची नावाची जागा?

मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएचडीसाठी लॅब निवडायची वेळ आली की बहुतेक जण दोन शास्त्रज्ञांची गूगल स्कॉलर प्रोफाइलं शेजारी-शेजारी उघडतात आणि साइटेशनचा, म्हणजे इतरांनी पेपरांचा संदर्भ किती वेळा दिला याचा, मोठा आकडा दिसेल तिकडे झुकतात. माझ्या मते या विषयात तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा.

समजा, दोघांचेही सात-सात पेपर आहेत. पहिल्याची साइटेशन ९००, ४०, १२, ९, ६, ५, ३. दुसरीची ३०, २८, २५, २२, २०, १८, १५. एकूण बेरीज ९७५ आणि १५८, म्हणजे पहिला सहापट पुढे. आता एच-इंडेक्स काढा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेलं हे माप. निदान पाच साइटेशन असलेले पाच पेपर असतील तर एच-इंडेक्स ५. सहा व्हायला सहाव्या पेपरलाही सहा साइटेशन हवीत. पहिल्याच्या सहाव्या पेपरला पाचच आहेत, म्हणून तो ५ वर अडकतो. दुसरीचा ७. माणसं तीच, पेपर तेच, निकाल मात्र उलटा.

बेरीज एकाच पेपरने फुगते. एच-इंडेक्सला त्या पेपरचं काहीच वाटत नाही: ९०० च्या जागी ५ लिहा, तरी उत्तर ५ च येतं. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि खाली कधीच येत नाही. त्यामुळे तीस वर्षं काम केलेल्या प्राध्यापकांशी नुकतीच लॅब उघडलेल्या संशोधिकेची तुलना त्यावर करणं सरळसरळ अन्यायाचं आहे.

म्हणून ९०० साइटेशनवाला पेपर उघडाच. या विषयात नावांच्या क्रमाला अर्थ असतो. पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाचं), शेवटचं लॅबप्रमुखाचं. दोनशे जणांच्या जीनोम प्रकल्पात नाव मधे कुठेतरी असेल, तर ती ९०० साइटेशन त्या लॅबबद्दल फारसं काही सांगत नाहीत. नाव शेवटी असेल, तर पुढचा प्रश्न: पेपर शोधाचा आहे की पद्धतीचा? पद्धतीच्या पेपरांना साइटेशनचा पाऊस पडतो. प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झालाय. जेलवर प्रथिनं वेगळी करण्याचा लेमली यांचा १९७० चा आणि प्रथिनं मोजण्याचाच ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, हे दोन्ही त्याच रांगेतले. उलट वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा डीएनएच्या रचनेवरचा पेपर या तिघांच्या जवळपासही नाही, कारण दुहेरी सर्पिल लिहिताना आता कुणी संदर्भ देत बसत नाही. साइटेशन उपयोग मोजतं, थोरवी नाही. चांगली पद्धत घडवणं हेही मोठंच काम आहे, फक्त ते शोधापेक्षा वेगळं काम आहे एवढं ध्यानात ठेवा.

आकडा कुठून घेतलात, यानेही फरक पडतो. गूगल स्कॉलर प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी खुले केलेले पेपर), प्रबंध, पुस्तकं सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा सहसा सर्वांत मोठा. प्रोफाइल ज्याचं तोच सांभाळतो, आणि नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे पेपर आत शिरतात. आडनाव सर्रास आढळणारं असेल तर ही शक्यता आणखी वाढते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस निवडक नियतकालिकंच धरतात, त्यामुळे आकडे लहान पण नेटके. एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसरीचा स्कोपसवरून घेतलात, तर ती तुलनाच नव्हे. नावाचा घोळ ऑर्किड क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने, बराचसा सुटतो.

एकच आकडा हवा असेल तर मी आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो) घेईन. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या आयसाइट या मोफत साइटवर तो मिळतो. पेपरला दरवर्षी मिळणारी साइटेशन त्याच्या उपक्षेत्राच्या तुलनेत मोजली जातात, आणि एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांचा मध्यक १ धरला जातो. त्यामुळे गर्दीच्या उपक्षेत्रातला पेपर उगाच मोठा दिसत नाही. मात्र ताज्या पेपरांवर त्याचा भरवसा धरू नका. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर तर या तुलनेत आणूच नका: ती जर्नलमधल्या पेपरांच्या साइटेशनची सरासरी आहे, आणि माणसाचं मोजमाप तिने करू नये हे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय.

पुरस्कार किंवा नेमणुकीच्या समितीवर असाल, तर आरसीआर आणि नावाची जागा यांवर बरंच भागेल. पीएचडीच्या विद्यार्थ्याने आणखी एक करावं. गाइडचं नाव शेवटी असलेले गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि पहिल्या नावांची यादी करा. दर वेळी वेगळा विद्यार्थी दिसला, तर त्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांचं काम पूर्ण होऊन छापलं जातं. सगळीकडे एकाच पोस्टडॉकचं नाव असेल, तर तुमच्या वाट्याला काय येईल हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या. मागे घेतलेले पेपर आणि पबपिअर या छापलेल्या पेपरांवर चर्चा करणाऱ्या साइटवरचे आक्षेपही तेव्हाच बघा, फार वेळ लागत नाही.

वरच्या दोघांत, ९०० चा पेपर मोठ्या प्रकल्पातला आणि नाव मधलं असेल तर मी बिनदिक्कत दुसरीची लॅब निवडेन. तो पेपर त्याच्याच लॅबमधून निघालेल्या पद्धतीचा असेल, तर उरलेल्या सहा पेपरांची सालं बघेन: अलीकडचे असतील तर कमी साइटेशनचं कारण तेच, आणि मग पहिल्यालाही ईमेल जायला हवा.